पर्यंत म्हणजे कुठपर्यंत

प्रिय भिंगरी,

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मावशी उद्या सकाळी तुझ्याकडे येते आहे, तिच्या पिशवीत टाकते. ती आत्ताच कुरकुरली, "मायलेकींनी काय ते तोंडावर भांडावं, मी काय पोस्टमन आहे?" मी म्हटलं, तोंडावर भांडायला समोरच्याचं तोंड दिसावं लागतं. परवापासून तू फक्त त्या चर्चेच्या पानावर दिसतेस, आणि तिथंही एकच वाक्य घेऊन. मला बसवत नाही आणि उभंही राहवत नाही. बाबांनी शिलाई मशीन थांबवून विचारलं, "नक्की काय चुकलंय? गणित, की पोरगी?" मी ताडकन म्हटलं, दोन्ही बरोबर आहेत. ते पुन्हा पायडल मारायला लागले, पण टाका काही सरळ जात नव्हता. मी बघितलं.

प्रोग्रॅमिंगच्या या ऑनलाइन स्पर्धेत आजवर तू दुसऱ्यांचे प्रश्न सोडवत आलीस. या वेळी पहिल्यांदा तुला प्रश्न काढायला बोलावलं, आणि स्पर्धा संपते न संपते तोच चर्चेच्या पानावर वणवा पेटला. तुझा शेवटचा प्रश्न निकालातून काढून टाका, अशी मागणी आली. ती मान्य झाली तर तुला पुन्हा बोलावणार नाहीत, असं आयोजकांनी कळवल्याचं तू मला शेवटच्या फोनवर सांगितलंस. लहानपणी पडलीस की रडू दाबायला जसा आवाज काढायचीस, तसाच आवाज होता तो. आणि मागणी फेटाळली तर काही जणांची अंतिम फेरी जाईल. उद्या संध्याकाळी चर्चा बंद होणार, मग निर्णय.

प्रश्न मात्र देखणा काढलास हं. आई कंडक्टर, तेव्हा प्रश्न बसचाच असणार! एका रस्त्यावर ओळीनं थांबे आहेत. पुष्कळ गाड्या आहेत, आणि प्रत्येक गाडी अमुक थांब्यापासून तमुक थांब्यापर्यंत जाते. एकाच थांब्याला जास्तीत जास्त किती गाड्या मिळतात ते सांगा. लोकांनी सोडवण्याच्या रीती चर्चेत टाकल्या आहेत, त्या सगळ्या मी वाचून काढल्या. प्रत्येक गाडीबरोबर थांब्याथांब्याला फिरत बसलं तर लाखो गाड्यांपुढे संगणकालाही वेळ पुरत नाही. म्हणून गाडी सुरू होते तिथं अधिक एक लिहायचं, संपते तिथं उणे एक, आणि मग पहिल्या थांब्यापासून एकदाच बेरीज करत पुढं जायचं. अगं, भरल्या गाडीत डोकी न मोजता मी हेच करते! चढले ते मिळवले, उतरले ते वजा. वाचता वाचता मला हसूच फुटलं. सगळं भांडण त्या उणे एकाचं आहे. तो शेवटच्या थांब्यावर लिहायचा, की त्याच्या पुढच्या? एक गाडी एकपासून चारपर्यंत, दुसरी चारपासून सहापर्यंत. सगळ्या जगाच्या मते चौथ्या थांब्याला दोन गाड्या मिळाल्या. तुझ्या मते एकच, कारण पहिली चारला पोचायच्या आधीच वळली. आणि प्रश्नाखाली तू जे उदाहरण दिलंस त्यात दोन्ही वाचनांनी उत्तर एकच येतं. बिचाऱ्यांना शंका यायची तरी कुठून?

तू तसं का लिहिलंस ते मला ठाऊक आहे. कदाचित तुलाही नसेल. तू माझ्या गाडीत वाढलीस. शाळा सुटली की कंडक्टरच्या सीटवर बसून, पाय हलवत गृहपाठ करायचीस. आपल्या गाडीच्या पाटीवर लिहिलेलं 'कारखान्यापर्यंत', आणि गाडी जन्मात कधी कारखान्याला गेली नाही. पुढचा रस्ता अरुंद, म्हणून ती अलीकडच्या पाण्याच्या टाकीशीच वळते. पाटी बदलायचं कुणाला सुचलं नाही, कारण 'पर्यंत' म्हणजे एक थांबा अलीकडे, हे इथल्या तान्ह्या पोरालाही कळतं. हळूहळू ते घरातही शिरलं. बाबांनी 'शुक्रवारपर्यंत' म्हटलं की कपडे गुरुवारी शिवून तयार. वेळेआधी कपडे देणारा शिंपी म्हणून गिऱ्हाइकं त्यांना देवमाणूस समजतात! त्या घरातली मुलगी 'पर्यंत' लिहिताना कशाला थबकेल?

म्हणून परवा मी तुझ्या बाजूनं कंबर कसली. 'टिंगटिंग' या नावानं मी ते पान वाचते हे तुला माहीतच आहे, पण बोलायला मी परवा लागले. डेपोच्या फाटकावर स्टुलावर उभी राहून भाषणं ठोकणाऱ्या बाईच्या हाती कीबोर्ड आला की काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. 'कासव' नावाच्या स्पर्धकानं लिहिलं होतं, बाकीचे सगळे प्रश्न सुटले, या एकानं अंतिम फेरी गेली. त्याखाली तू लिहिलंस, 'प्रश्न नीट वाचा.' कासवानं उत्तर दिलं, 'मी नीट वाचलं. तुम्ही नीट लिहिलं नाही.' माझं डोकंच फिरलं. माझ्या लेकीला बोलतंय! मी लिहिलं, कवचातून मान बाहेर काढली असती तर शब्द दिसला असता. झालं, लोकांना खेळणंच मिळालं. 'पाय उचल, कासवा,' 'पुढच्या वर्षी पोचशील, कासवा.' कासव पुन्हा काही बोललं नाही. मी ते पान पुन्हा पुन्हा उघडत होते, जिंकल्याच्या खुशीत. खरंच खुशीत.

काल दुपारी टाकीशी गाडी वळली आणि एक बाई आपली जड पेटी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. मी म्हटलं, उतरा, आलं. तिनं बाहेर पाहिलं. "कारखाना कुठंय?" मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, पर्यंत म्हणजे इथंच!" आणि सगळी गाडी हसली. मीही हसले. म्हटलं, इथं सगळ्यांना माहीत आहे. ती पेटी उचलत म्हणाली, "मी सगळ्यांत नाही ना. मी आजच आलेय." एवढंच म्हणून उतरली आणि उन्हात चालू लागली. मी घंटी मारायची विसरले. ड्रायव्हर ओरडला, "काय बाई, तुम्हीपण उतरताय का?"

तेव्हापासून मला चैन नाही. आमच्या डेपोत एक साहेब होता. भिंतीवर कागद चिकटवायचा, आणि कुणी विचारायला गेलं की मानही वर न करता म्हणायचा, सूचना नीट वाचा. त्याच्याविरुद्ध बोलून बोलून माझा घसा बसलेला तू पाहिला आहेस. त्याचं वाक्य तुझ्या नावाखाली वाचलं आणि मी टाळ्या पिटल्या! तू चुकलीस याचा मला राग नाही. शब्द आपल्याच घरात वाढला, तुझ्या मनात पाप नव्हतं. पण आपल्या घरातला शब्द आपण परक्याच्या हातात ठेवला, आणि तो त्याला उमगला नाही म्हणून दंडही त्यालाच केला, हे मला सोसवत नाही. ज्याच्या हातात निकाल असतो त्यानं आधी स्वतःचं लिहिणं तपासावं, हे मी जन्मभर ओरडून सांगत आले. खुर्चीवर माझी लेक बसली म्हणून ते खोटं होत नाही.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. काम बंद करण्याआधी आम्ही युनियनवाले समोरच्याला नोटीस देतो. पाठीमागून काही करत नाही. ही नोटीस समज. उद्या चर्चा बंद व्हायच्या आत तू स्वतः लिही, की शब्दाचा अर्थ दोन्हीकडे जातो, हा प्रश्न निकालातून काढा. तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन, कासवाच्या मागणीखाली, आणि टिंगटिंग म्हणून नव्हे, प्रश्न काढणारीची आई म्हणून. माझ्या बोलण्याबद्दल त्या कासवाची माफी तर मी आजच मागते आहे, तुझी वाट न पाहता. तुला पुन्हा बोलावणार नाहीत कदाचित. लिहितानाही ते मला टोचतं आहे. बाबांनी विचारलं, "आईनं असं करावं?" मी पुढची ओळ लिहायला घेतली. तू रागाव, मला चार शब्द सुनाव, मावशीजवळ माझ्या कागाळ्या कर. पण मला उत्तर पाठवायची घाई करू नकोस. आधी कासवाला पाठव.

तुझीच, आणि उद्या कदाचित तुझ्या समोरच्या बाजूला उभी,
आई