आईची घोंगडी आणि कंपनीचा कोट

मु. अर्जुनी मोरगाव
पौष, थंडी भरपूर

चि. रुचिकास बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं, म्हणजे मी आणि म्हैस, ठीक आहोत. तुला बेंगळुरूची हवा मानवत असेल आणि तू वेळेवर जेवत असशील, असं धरून चालतो. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे कागदावर.

तू पाठवलेला तुमच्या कंपनीचा कोट मिळाला. दिवाळीत तुझ्या आईची घोंगडी नमुना म्हणून नेलीस, तेव्हा तिचा एवढा थाट होईल असं वाटलं नव्हतं. काळे-पांढरे पट्टे हुबेहूब उतरलेत, आतून पळसफुलाचा रंग, आणि खिसे इतके की एकात ठेवलेली तंबाखूची डबी अजून सापडायची आहे. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, अंगावर वागवा जंगलाचा श्वास. (आपल्या गोठ्यामागूनच जंगल सुरू होतं. त्याचा श्वास आम्हाला रोज येतो, रानडुक्कर आलं की जरा जास्तच.)

कोट घालून ऐटीत तलावाच्या पाळीवरून निघालो. सरपण घेऊन येणाऱ्या बाया मला पाहताच मोळ्या टाकून झुडपांत शिरल्या. शेजारच्या बांधावरच्या दुधरामनं लांबूनच विचारलं, "काऊन गा, एवढ्या खिशांचा कोट! या वयात फारेस्टात लागला का?" मग आलाच आहेस तर डुकरांनी तुडवलेल्या धानाचा पंचनामा कर म्हणाला. मी नाही म्हटलं, तर रुसला. अजून बोलत नाही.

आता म्हशीचं. ती फक्त आईलाच पान्हा सोडायची, हे तुला ठाऊक आहे. आई गेल्यावर मी तिची घोंगडी पांघरून, तोंडातून चकार शब्द न काढता धारेला बसायचो आणि ती बिचारी फसायची. (की फसल्यासारखं करायची, देव जाणे.) तू घोंगडी नेल्यापासून रेडकू लावून कसंबसं भागवत होतो. कोट आला तसा तो घालून बसलो. पट्टे तेच, पण कापड सरसर वाजलं. तिनं मान वळवून मला नीट पाहिलं आणि बादलीसकट शेणात बसवलं. (कोटाला डाग लागत नाही, हे चिठ्ठीतलं मात्र खरं.) सुशीलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तिले बाईचा वास पायजे गा भाऊ. पट्टे पाहून ते काय करन?"

तरी कोट चांगला आहे, पोरी. तू त्यात आईला आणलंस, हे पाहून मला भरून आलं. आमगावच्या लग्नात तोच घालीन.

तुझे,
बाबा

ता. क. म्हशीसाठी घोंगडी परत पाठव. तुमच्या ऑफिसात ती काचेमागे टांगली आहे म्हणतेस, तर उतरवून घे. धुऊ नकोस.

आणखी एक. म्हैस गेल्या आठवड्यातच आटली, तेव्हा आता धारेचा प्रश्न उरला नाही. घोंगडी तरी पाठवच. तो वास मलाही पाहिजे.