मी पिंपात ओरडणार नाही

१ डिसेंबर, सकाळी ७
निर्णय झाला. यंदाची नाताळची बियर मी करणार.

तोरगेर मे महिन्यात गेला. अडतीस वर्षं तो तळघरात बियर करत होता. मी वासापायी कधी खाली उतरले नाही, पण जिन्याच्या वरच्या पायरीवरून सूचना देत असे. म्हणजे निम्मं काम मला येतंच.

काल नणंदेचा, ओस्नेचा, फोन. म्हणाली, "वहिनी, दादा नाही, पण त्याच्या यीस्टची बियर एक पेलाभर तरी मिळाली असती..." आणि रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नकोस. एकवीसला ये. मिळेल." एकवीसला संत थॉमसचा दिवस. तोवर दरीतल्या प्रत्येक घरची बियर तयार हवी, शेजाऱ्यांनी येऊन चाखायला हवी.

नियम ठरवले. सगळं उकळून घ्यायचं. सगळं मोजून करायचं. ओरडायचं नाही. आमच्याकडे यीस्ट टाकताना पिंपात तोंड घालून आरोळी ठोकतात. आरोळी मोठी तर बियर जोरकस, म्हणे. तोरगेर ओरडला की मी खिडकी लावून घेत असे. तीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं आहे मी. मी पिंपात ओरडणार नाही.

३ डिसेंबर
तळघर धुतलं. काय ती घाण! खिळ्याला लाकडाच्या तुकड्यांचं गुंफलेलं एक कडं टांगलेलं होतं, वाळलेल्या लापशीसारख्या तपकिरी थराने माखलेलं. सोडा घालून तासभर उकळलं. पांढरंशुभ्र निघालं. लाल फीत बांधून स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलं. नाताळची शोभा.

यीस्ट मात्र अजून सापडलं नाही. कुठल्या तरी बरणीत असेल.

४ डिसेंबर
ओस्नेचा फोन. "दादाचं यीस्ट नीट आहे ना गं? कड्यावरचं?"
कोणतं कडं, विचारलं.
"अगं, ते लाकडाचं, खिळ्याला असतं ते. आमच्या पणजीपासूनचं आहे. त्या थरातच तर सगळा जीव."
मी खिडकीकडे पाहिलं. म्हटलं, "उत्तम आहे. अगदी स्वच्छ."
यात खोटं काहीच नाही.

५ डिसेंबर
विचारांती: झालं ते योग्यच झालं. शंभर वर्षांचा मळ पाहुण्यांच्या पोटात गेला नाही. ओस्नेला सांगून टाकणार होते. पण तिचाच फोन आला. तिने चौदा जणांना निमंत्रण दिलं आहे.

७ डिसेंबर
शेजारचा ब्रिन्युल्फ आला. माझा जुना विद्यार्थी. भांड्यांचं फडकं न उकळल्याबद्दल मी त्याला गृहशास्त्रात नापास केलं होतं. आता बावन्न वर्षांचा आहे आणि दरीतली सगळ्यात चांगली बियर करतो असं लोक म्हणतात. म्हणाला, "बाई, काही लागलं तर सांगा." म्हटलं, काही लागणार नाही. त्याने खिडकीतल्या कड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "छान दिसतंय, बाई." आणि गेला. शाळेतही तो असाच बघत बसायचा. मंद.

१० डिसेंबर
बसने शहरात जाऊन यीस्टचं पाकीट आणलं. पाकिटातलंही यीस्टच. कोणाला कळतंय?

११ डिसेंबर
पहाटे सहाला जुनिपरच्या फांद्या पाण्यात उकळल्या. मग त्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, मग गाळणं, मग चार तास कढवणं. साठ लिटर. पाठ गेली. तोरगेरच्या वहीत लिहिलंय, यीस्ट एकोणचाळीस अंशांवर टाका. पाकिटावर वीस. कोणावर अन्याय नको म्हणून सरासरी काढली: साडेएकोणतीस.

ओरडले नाही. पाकिटावरच्या सूचना पिंपापुढे स्पष्ट आवाजात वाचून दाखवल्या.

१४ डिसेंबर
फळांचा सुगंध येतो आहे. मांजर तळघरातून निघून गेलं आहे, पण ते त्याच्या कामासाठी.

१५ डिसेंबर
चमचाभर चाखली. नेलपॉलिश काढायचं पाणी. साठ लिटर कोठारामागे बर्फात ओतलं. पाकिटाचाच दोष.

ओस्नेचा फोन. एकोणीस जण. पाद्रीसुद्धा.

आजारी पडावं, तर पाद्री विचारपूस करायला घरी येतील. बर्गेनला बहिणीकडे जावं, तर बहीणच इकडे येते आहे. तिलाही ओस्नेनेच बोलावलं.

१६ डिसेंबर, दुपारी
ब्रिन्युल्फच्या तळघराची स्वच्छता तपासायला गेले. सहज. तो म्हणाला, "बसा, बाई. कडं कधी उकळलंत?" मी म्हटलं, तीन तारखेला.

तो हसला नाही. हे मला फार लागलं.

म्हणाला, "तोरगेरकाकांचं यीस्टही दोनदा मेलं होतं. आमच्याकडून नेलं. मग आमचं मेलं, ते त्यांच्याकडून आणलं. आता यातलं कोणतं कोणाचं, कसं सांगणार?" मला अडतीस वर्षांत तोरगेर हे बोलला नाही.

मग ब्रिन्युल्फने खणातून एक कडक झालेलं, तपकिरी फडकं काढलं. "यावर वाळवून ठेवतो. कधीच उकळलं नाही, बाई. दोन अटी आहेत. एकोणचाळीस अंश. आणि ओरडायचं."

पहिली अट मान्य केली.

१७ डिसेंबर
पुन्हा पहाटे सहापासून. दुपारी चारला एकोणचाळीस अंश. फडक्याचा तुकडा पिंपात टाकला. ब्रिन्युल्फ जिन्यात उभा होता. "बाई, ओरडा." मी घसा साफ केला. तो म्हणाला, "हे वर्गात चालायचं. यीस्टला नाही चालत."

मी वाकले. पिंपातून तोरगेरच्या कोटाला यायचा तो वास आला. आणि मला वाटतं वाफेमुळे, तोंडातून निघालं: "तोरगेर! बूट काढून ये!"

फार मोठ्याने निघालं.

ब्रिन्युल्फने मुकाट्याने स्वतःचे बूट काढले.

१८ डिसेंबर
फेस पिंपाच्या काठाला आला. हे तापमानामुळे. आरोळीचा काही संबंध नाही.

२१ डिसेंबर
एकवीस जण आले. ओस्नेने पहिला घोट घेतला, डोळे मिटले. "दादाचीच," म्हणाली. "अगदी दादाचीच." ब्रिन्युल्फ छताकडे बघत होता. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने मला मिठी मारली. माझं तोंड तिच्या स्वेटरमध्ये दाबलं गेलं.

पाद्री म्हणाले, "बाई, तुमची आरोळी चर्चपर्यंत ऐकू आली. मीही बूट काढायला वाकलो होतो." सगळे हसले.

मग ओस्नेने जाहीर केलं की जूनमध्ये तिच्या मुलीच्या लग्नाची बियर वहिनीच करणार. दोनशे लिटर. मी नाही म्हणायच्या आत टाळ्या पडल्या.

जाताना ब्रिन्युल्फने दारात विचारलं, "बाई, मग माझा गृहशास्त्राचा निकाल?" म्हटलं, फडकं अजून घाणच आहे. बघू.

सगळे गेल्यावर खिडकीतलं कडं काढलं, फीत सोडली आणि कडं पिंपाच्या तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळात बुडवलं. तपकिरी, चिकट, ओंगळ झालं. खाली नेऊन खिळ्याला टांगलं.

हात धुतले. कडं धुतलं नाही.