डावा कान पास

२० ऑक्टोबर १९८३
तालमीत तलवार उपसून गर्रकन वळलो आणि पडलो. स्टेजच्या फळ्या हलत असाव्यात. तसे डायरेक्टर तुलारामजींना सांगितले. ते म्हणाले, इस्टेज कुठी आहे जी, शाळेच्या व्हरांड्यात आहो आपण!

२३ ऑक्टोबर
पुन्हा पडलो. सत्यवती म्हणते, कूस बदलतानाही खाट धरता तुमी, मले का दिसत नाही? बायको आहे, कलेतले तिला कळत नाही.
तुलारामजींचा निरोप: नागपूरच्या डॉक्टरने हो म्हटले तरच तलवार. नाहीतर दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, नाटकातला सेनापती घनश्याम.
घनश्याम! त्याला साधी मिशी चिकटवता येत नाही.

२७ ऑक्टोबर, नागपूर
चक्कर कानाची, पण उद्या तपासणार डोळे. डोळ्यांजवळ तारा लावून कानात पाणी सोडतात. डोळे हलले की मशीन कागदावर रेघा काढते.
सोपे आहे. नजर हलू द्यायची नाही. नट आहे मी.

२८ ऑक्टोबर
उजव्या कानात गार पाणी. खाटेसकट गरगरलो, डोळे ऐकेनात. मन दुसरीकडे गुंतावे म्हणून डॉक्टर गावांची नावे विचारत होते. साकोली, लाखांदूर झाले. बपेरा म्हणेपर्यंत उलटी. सत्यवतीच्या पदरात.
मग डावा कान. गार पाणी: काही नाही. गरम: काही नाही. त्यांनी पुन्हा सोडले. डोळे दगड! शेवटी इच्छाशक्ती जागी झाली. डावा कान डिस्टिंक्शनमध्ये पास.

२९ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणतात, पाण्याने डोळे हलायलाच हवेत. उजवा उत्तम. डावा कामच करत नाही.
मी इच्छाशक्तीचे सांगितले. ते म्हणाले, काका, ती कानात नसते. व्यायाम करा, झटकन वळू नका.
ठीक. सेनापती सावकाश वळेल. भारदस्त दिसेल.

३१ ऑक्टोबर
वळून दाखवले. तुलारामजी म्हणाले, तुमी वळेस्तोवर दुश्मन जेवून झोपून जाईन जी.

९ नोव्हेंबर, मंडई
मला म्हातारा राजा दिला. खाटेवर मरायचे. नाटक खरे तर राजावरच उभे आहे.
मेलो छान. मग सेनापती घनश्यामने रडत रडत मला कुशीवर वळवले. मांडव फिरला. मेलेल्या राजाने त्याच्या कमरेला मिठी मारली. पब्लिक हसून लोटपोट. वन्स मोअर.
पुन्हा मेलो. पुन्हा मिठी.
त्याची मिशी सुटून माझ्या गालावर पडली. रडण्याचे सोंग चालू ठेवून तो हळूच म्हणाला, धरा भाऊ, घट्ट धरा. मी आहो नं.
पडदा पडला तरी सोडवेना.