वजनकाट्याआधीची दहा मिनिटं

बर्निस बाई,

कुणाच्या हाताखाली न शिकता मी सुतार झालो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक बोटाने सांगतो. शेहेचाळिसाव्या वर्षी नर्सिंग आणि सुईणकामाच्या जोडपदवीला आलो, तरी तो गर्व सुटला नाही.

तुमच्या देखरेखीखाली मी केलेल्या टेसाच्या बाळंतपणात रक्त किती गेलं, तुम्ही विचारलंत. "चारशे मिली," मी नजरेनेच सांगितलं.

"सुतारबुवा, काटा काय शोभेला ठेवलाय?" म्हणत तुम्ही शेजारच्या खोलीत धावलात.

मी दहा मिनिटांनी रक्ताने भिजलेले पॅड तोलले. रक्त नऊशे मिली, धोक्याच्या पातळीवर! मग मदतीची घंटा दाबली. टेसा वाचली.

नोंदीत मात्र 'लगेच तोलले' असं लिहिलं. उद्या तुम्ही त्यावर सही करणार. हे पत्र पाठवत नाही. सहीआधी तोंडानेच सांगेन.

अजून तुमचाच विद्यार्थी,
कोलम डेव्हनी
बॅलरट