फियाटची बॅटरी कोण खाऊन राह्यलं

११ जानेवारी, रविवार

गाडी पुन्हा मेली. किल्ली फिरवली तर नुसती टक्‌ टक्‌. मागच्या रविवारी चांगली चालली, आठवडाभर दारात उभी होती, आणि आज खलास.

राजूरले ऑटोनं गेली. रिटायर झाल्यापासून दर रविवारी विहारात बायांचं बीपी तपासते. खाणीत काम केलेल्यांच्या घरच्या बाया, सकाळपासून बसून असतात. उशीर झाला. एकीनं विचारलंच, "सिस्टर, आज गाडी नाही काय?"

आहे. गाडी आहे.

१२ जानेवारी

रामधन मिस्त्रीनं बॅटरी चार्ज करून दिली. म्हणे, "बॅटरी नवीच आहे, सिस्टर. गाडीच म्हातारी झाली. काढून टाका आता."

मी म्हटलं, म्हातारी तर मीही झाली. मले कोणाले विकता?

तो हसला नाही. खाली पाहून हात पुसत राह्यला.

संध्याकाळी संघदीपचा नागपूरहून फोन. पोरगाही तेच बोलतो — "आई, विकून टाक ना ते डबडं. कायले ताप करून घेतेस?" त्याच्या बाबांनी खाणीतून रिटायर झाल्यावर घेतलेली गाडी. ते गेल्यावर मी चालवायले शिकली, तेव्हाही सगळे नाहीच म्हणत होते.

विकणार नाही.

१४ जानेवारी

मल्टीमीटर आणलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. बॅटरीची मायनसची वायर सोडवायची आणि मधात मीटर धरायचं. गाडी बंद, दारं बंद. तरी करंट जात असला तर समजायचं, कोणी तरी खाऊन राह्यलं.

पाव अँपियर! बंद गाडीत.

म्हणजे गाडी म्हातारी नाही. गाडीत चोर आहे.

१५ जानेवारी

एकेक फ्यूज काढून पाहिला. ज्या फ्यूजनं आकडा पडेल, चोर त्याच लाइनीवर. शेजारच्या वच्छलाबाई कंपाउंडवरून पाहत होत्या. "काय करून राह्यली वं? शॉक लागन ना." बारा व्होल्टनं काही होत नाही, म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

सगळे फ्यूज निघाले. आकडा तसाच.

१६ जानेवारी

डायनामो सोडवून पाहिला. नाही. डिकीचा लाइट, हॉर्न — नाही. कंबर मोडली. उद्या पुन्हा.

१७ जानेवारी, शनिवार

सापडला.

फ्यूजमधून जात नाही, म्हणजे फ्यूजच्या आधीच कुठं तरी फाटा फुटला असणार. बॅटरीपासून बोट धरून निघाली. जुन्या वायरी सगळ्या कडक, मळकट, रंग उडालेल्या. एकच लाल वायर नवी, चकचकीत. इंजिनामागच्या पत्र्यातून आत, डॅशबोर्डच्या मागं. तिथं काडेपेटीएवढी काळी डबी, टेप गुंडाळून खोचलेली. वायर उपटली आणि आकडा शून्य.

जीपीएसची डबी. गाडी कुठं जाते ते मोबाइलवर बसल्या जागी दिसते.

डबी घेऊन सरळ रामधनकडं. तो म्हणे, "संघदीपभाऊनं लावायले सांगितलं, दिवाळीत. तुम्हाले सांगू नका म्हणे." मान वर केली नाही त्यानं.

नोकरीत किती डिलिव्हरीले एकटी गेली मी, जंगलातून, पावसापाण्याची, दवाखान्याच्या जीपमध्ये, कधी पायी. तेव्हा कोणी नजर ठेवली नाही. आता पोटचा पोरगा ठेवतो!

फोन केला. म्हटलं, मी काय चोरी करते काय कुठं? माझ्यावर पाळत कायले?

मग म्हणे, "उद्या येतो, आई."

ये म्हटलं. डबी तुझ्या हातातच देते.

१८ जानेवारी, रविवार

संघदीप आला. मी भांडायच्या तयारीनं बसली होती. त्यानं आवाजही चढवला नाही.

"दिवाळीच्या आधी तू राजूरहून निघाली आणि वणीले घरी यायचं सोडून भलत्याच, वरोऱ्याच्या रस्त्याले गाडी लावून बसली होतीस. एका ट्रकवाल्यानं तुझ्याच फोनवरून मले लावला. मी पोचलो तर तू विचारलंस, बाबा कुठं राह्यले."

वच्छलाबाई दारातच होत्या. त्यांच्याकडं पाह्यलं. त्यांनी डोळ्याले पदर लावला.

मले काही आठवत नाही. काहीच नाही.

दुपारी डबी परत लावली. माझ्या हातानं. किल्लीच्या लाइनीवर जोडली — गाडी चालू असली तरच डबी चालू. संघदीप टॉर्च धरून बसला होता.

मंगळवारी नागपूरले डॉक्टरकडं जायचं आहे. वणीच्या बाहेरपर्यंत मी चालवीन. पुढं त्याले देईन.