उजवी बाजू नंतर

७ एप्रिल

म्हणे, "मॅडम, तुम्ही कंपनीत प्लॅनिंगला होतात, शेड्यूल तुम्हीच लावा ना!" सोसायटीचा सेक्रेटरी बाळाजी. पार्किंगच्या भांडणात हाच मला खडूस म्हातारी म्हणाला होता. आता मॅडम!

काम असं — आमच्या इमारतीचे स्लॅब सडलेत. दुरुस्तीसाठी तळमजल्यापासून वरपर्यंत, प्रत्येक हॉलमध्ये, एकाखाली एक लोखंडी टेकू उभे करावे लागतात. मिस्त्री एकच, नाथा. टेकू एका बाजूपुरतेच. म्हणजे जिन्याच्या डावीकडचे हॉल आधी की उजवीकडचे, एवढंच ठरवायचं. पावसाच्या आत दोन्ही उरकायचं. अंबरनाथला एका क्रेनवर मी अख्खा कारखाना हलता ठेवलाय. हे काय!

८ एप्रिल

दुपारी पुन्हा तोच आवाज. कट्. थांबून, कट्. अंजना सुपारी कातरायची तसा. माझी ही धाकटी बहीण दिवाळीत वारली, आवाज तेव्हापासूनचा.

कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी आणि आमच्या बाबांनी — दोघांनीही — भूत हा शब्द माझ्या डोक्यातून कधीच हद्दपार केला होता. तरी अडकित्ता मी कपाटात घालून कुलूप लावलं. आवाज येतोच.

१० एप्रिल

डावी बाजू आधी. लावून टाकलं. नाथा सोमवारी, वीस तारखेला सुरू करणार.

बाळाजी खूश! त्याचं घर डावीकडे, आणि मेमध्ये त्याच हॉलमध्ये त्याच्या मुलीची, शलाकाची हळद. बैठकीत भाषण ठोकलं — "मॅडम उजवीकडे, सगळ्यात वर राहतात, तरी स्वतःचा नंबर मागे! याला म्हणतात त्याग!" टाळ्या. मूर्ख!

इंजिनिअर मला एकटीला म्हणाला होता, "दोन्ही वाईट, पण उजवी जास्त. गच्चीचं पाणी तिकडेच मुरलंय." मी बैठकीत बोलले नाही. कोणी विचारलंही नाही. ही माणसं मार्केटमध्ये कोथिंबिरीचा भाव तीनदा विचारतात, डोक्यावरच्या छताचं एकदाही नाही.

उजवी आधी घेतली की माझा हॉल रिकामा करायचा. अंजनाचा पलंग हलवायचा. वर दिवसभर हातोडे. मग ती कुठे बसणार?

लिहिलं एकदाचं.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीचा आवाज वरपर्यंत. यंदा घरात खीर केली नाही.

कट्.

१७ एप्रिल

जिन्यात बकुळाने गाठलं. माझ्या खालीच राहते ती. जीभ माझ्यासारखीच.

"काकू, हळदीपायी आमचा नंबर मागे टाकलात? बरंय. आम्ही काय, डोक्यावर झेलू!"

"तोंड सांभाळ, बकुळा."

"तोंड सांभाळते हो. छत कोण सांभाळणार?"

मग हात धरून घरात नेलं. तिच्या तान्ह्या सनीची झोळी हॉलमधून काढून पॅसेजमध्ये बांधलीय. पोर तिच्यात अंगठा चोखत पडलेलं.

"वरून माती पडते हॉलमध्ये. आणि तुम्ही रोज दुपारी काय फोडत बसता हो? कट्, कट्! पोरगं दचकतं ना."

आधी आनंदच झाला — हिलाही ऐकू येते! अंजना हिलाही ऐकू येते!

मग उमगलं. तशीच जिना चढले.

घरी येऊन छताकडे बघितलं. भेग पलंगाच्या बरोबर वर आहे. किती महिने मी तिच्याखाली बसून ऐकत होते — प्रेमाने!

१८ एप्रिल

उजवी आधी. इंजिनिअरचं बोलणं सगळ्यांसमोर सांगितलं, ते मी दाबलं होतं हेही सांगितलं. बकुळाने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

बाळाजी उसळला. "मग हळद काय रस्त्यावर करू?"

"कर! मी नाचायला येते."

अंजनाचा पलंग भाची भावना तिच्या घरी, कात्रपला घेऊन गेली. दुपारी रिकाम्या हॉलच्या दारात उभी होते. कट्. मी मोठ्याने म्हणाले, "पुरे आता, अंजू." मूर्ख म्हातारी!

२२ एप्रिल, कात्रप

काल माझ्या हॉलमध्ये शेवटचा टेकू लागला, आणि संध्याकाळी छत त्या टेकूंवर खाली आलं. टेकू वाकले, पण त्यांनी धरलं. खालच्या मजल्यांवर कोणालाही ओरखडा नाही.

मी भावनाकडे आहे. नवी बिल्डिंग, छत कोरं. दुपारभर अंजनाच्या पलंगावर कान देऊन पडले होते.

काही नाही.