पुठ्ठ्याची खूण

१ जानेवारी, सकाळ
यंदा पन्नाशीत पदार्पण. त्याआधी काहीतरी व्हायचं, बस्स. संकल्प: तीस पुस्तकं, रोज पळणं, माउथ ऑर्गन. शिवाय ही रोजनिशी. ती कुणी वाचणार नाही, त्यामुळे इथे खोटं लिहायची गरज नाही. मागच्या वर्षीचे संकल्प धरत नाही. ते वर्षच मुळात खराब होतं.
बायकोला सांगितलं. ती पॅथॉलॉजी लॅबमधून दमून येते, तरी नीट ऐकून घेतलं. म्हणाली, बरं. मग म्हणाली की यातलं एखादं आपण दोघं मिळून करू या का. मी म्हटलं, बघतो. लेक शिकायला बाहेर गेल्यापासून हिचं हे असं काहीतरी चालू असतं.

३ जानेवारी
साहेबांनी फळ्यावर प्रत्येकाचा संकल्प लिहून घेतला. वर्षअखेरीस घरच्यांसमोर प्रत्येकाने त्यावर पाच मिनिटं बोलायचं. शेजारच्या टेबलावरच्या मॅरेथॉनवाल्याने अर्थातच पळणं लिहिलं. मग मी पळणं कसं लिहिणार? वाचन लिहिलं. साहेब म्हणाले, वा!
आमची कंपनी पुठ्ठ्याचे खोके बनवते. खोका यंत्राखाली ठेवायचा आणि किती दाबाला चेपतो ते पाहायचं, हे माझं काम. कुणी विचारलं तर मी क्वालिटीत आहे असं सांगतो.

१२ जानेवारी
पुस्तक घेतलं. जाडजूड कादंबरी. दूरदेशी पूल बांधायला निघालेला इंजिनियर आणि मागे राहिलेली त्याची बायको. खूण म्हणून ऑफिसातून पुठ्ठ्याची छान पट्टी कापून आणली. एका बैठकीत नऊ पानं! मनावर घेतलं की काय अवघड आहे? इंजिनियर अजून बॅग भरतोय.

२ फेब्रुवारी, दुपार
पान नऊ. सोफ्यावर डोळा लागला. दोष चष्म्याचा आहे. नंबर वाढला असणार.

९ फेब्रुवारी
नवा चष्मा. नववं पान आता अगदी लख्ख दिसतं.

१८ फेब्रुवारी
चमत्कार! पट्टी सत्तेचाळिसाव्या पानावर. मला काही आठवत नाही, म्हणजे अर्धवट झोपेत वाचलं असणार. अंतर्मन म्हणतात ते हेच. मॅरेथॉनवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, होतं तसं, एका टप्प्यानंतर पाय आपोआप पळतात. हा माणूस माझ्याशी पहिल्यांदाच सहमत झाला.
जेवताना हिने विचारलं, कुठवर आलास. सत्तेचाळीस म्हटल्यावर एवढी खुलली! म्हणजे त्याच्या बायकोचं पत्र आलं तर, म्हणाली. मी म्हटलं, हो, काय पत्र लिहिलंय! हिला पत्राचं कसं कळलं कोण जाणे. मागच्या कव्हरवर छापलं असेल.

६ मार्च
पळणं तूर्त स्थगित. गुडघा. बूट मात्र उत्तम आहेत, ऑफिसला घालतो.

२२ मार्च
माउथ ऑर्गनही स्थगित. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हिला जिन्यात गाठून विचारलं, तुमच्याकडे कुणाची तब्येत बरी नाही का? कलेची कदर राहिलेली नाही. आता सगळी शक्ती वाचनावर.

११ मे
पट्टी दोनशेच्या पुढे. मी सोफ्यावर बसतो, पुस्तक छातीवर ठेवतो, बाकीचं अंतर्मन बघतं. संकल्पात किरकोळ दुरुस्ती: एक जाड पुस्तक म्हणजे तीस बारकी. साहेबांना पटवून दिलं. ते फोनवर बोलत होते, पण मान हलवली.
एक लिहून ठेवतो. आज यंत्राखाली खोका चेपताना उगाच घशाशी आलं. वर्षं जातात कुठे? मी असं काय केलंय इतकी वर्षं? लगेच चहा प्यायलो. ॲसिडिटी असावी.

५ जुलै
हिच्यात बदल जाणवतो. गुणगुणते. खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडल्यात, मध्ये दिवा. रोज जेवताना विचारते, आज कुठवर? मी पट्टी बघून सांगतो. मग ही बोलत सुटते. त्या इंजिनियरच्या बायकोने असं का केलं, तुला काय वाटतं? मी म्हणतो, खरंय. मग ही आणखी बोलते. इतकी वर्षं आम्ही जेवताना फक्त गॅस सिलिंडर आणि लेकीची फी यावर बोललो. माझं व्यक्तिमत्त्व बदलल्याचा हा परिणाम.

१९ जुलै
ही म्हणाली की रविवारी दोघं शेजारी बसून वाचू या का, शेवट जवळ आलाय. मी म्हटलं, नको, माझी तंद्री मोडते. बरं म्हणाली. माझ्या खुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे ठेवतो.

१३ सप्टेंबर
पट्टी शेवटच्या पानावर! झालं! आयुष्यात मी एक गोष्ट तडीस नेली. ऑफिसात साहेबांनी फळ्यावर माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. मॅरेथॉनवाल्याने हात मिळवला. डोळे भरून आले, लपवत नाही.
हिला शेवटावर बोलायचं होतं. मी म्हटलं, थोडं मुरू दे.

७ डिसेंबर
भाषण तेरा दिवसांवर. म्हटलं, जरा चाळून घेऊ. दहावं पान ओळखीचं वाटेना. अकरावंही. कुठलंच वाटेना. अंतर्मनाने वाचलेलं वर यायला वेळ लागत असेल. पुस्तक मिटलं, स्वेटर घातला. थंडी वाढलीय.

१० डिसेंबर
वर येत नाही. काहीच येत नाही. पहिल्यापासून वाचायला बसलो तर ओळी नुसत्या सरकतात. फळ्यावर ती खूण आहे. ती पुसली गेली तर माझ्या नावापुढे काय उरतं?

१४ डिसेंबर
सुटलो! युक्तीने हिच्याकडून शेवट काढून घ्यायचा बेत होता, तर हिनेच विषय काढला. आधी माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, शेवटी तो परत येतो, तेव्हा तुला काय वाटलं? म्हणजे येतो तर! मी म्हटलं, काय वाटणार, डोळ्यांत पाणी आलं. घर ते घरच. हिने चष्मा काढून पुसला, भांडी आवरायला गेली. मला रात्री छान झोप लागली.

२० डिसेंबर
अभूतपूर्व! सगळ्यांच्या बायका-मुलांसमोर बोललो. इंजिनियर घरी परततो, दारात बायको उभी असते, इथे आवाज कापरा झाला, तो मुद्दाम नव्हता. टाळ्या. साहेब म्हणाले, लपून राहिलेला माणूस आहेस तू. ही दुसऱ्या रांगेत होती. टाळ्या वाजवताना दिसली नाही, पण मांडीवर पर्स होती.

२१ डिसेंबर
नाश्त्याच्या वेळी सांगितलं हिने. शांतपणे. ओरडली असती तर बरं झालं असतं.
तो परत येत नाही. कधीच नाही. शेवटी त्याची बायकोच घराला कुलूप लावून तो पूल ओलांडून निघून जाते. मला फक्त खात्री करायची होती, म्हणाली.
ती पट्टी हीच सरकवत होती. रोज पहाटे कामावर जायच्या आधी वाचायची आणि जिथवर आली तिथे पट्टी ठेवायची, मला कळावं म्हणून. संध्याकाळी मी छातीवर पुस्तक घेऊन पडलेला असे, जेवताना बरोबर तोच आकडा सांगत असे. हिला वाटलं, मी रोज हिला गाठतोय. वर्षभर आपण दोघं मिळून काहीतरी करतोय, असं मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत होते, म्हणाली.
मी म्हटलं, अंतर्मन. 

३१ डिसेंबर, दुपार
नवे संकल्प लिहिणार नाही. 
ही खिडकीपाशी वाचत बसलीय. नवं पुस्तक, तिने स्वतः आणलेलं. त्यात तिची स्वतःची खूण. माझी कादंबरी दिव्याशेजारी होती, पट्टी नवव्या पानावर. मी ठेवली नव्हती.
खुर्चीवरचे कपडे उचलले. बसलो. वाचलं, खरंच वाचलं. इंजिनियरची बॅग भरून होते आणि दारात बायको विचारते, कधी येशील? तो म्हणतो, लवकरच. मला एकदम रडू आलं. याचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे आणि दारातल्या तिला माहीत नाही.
मी हिला म्हटलं, नववं पान झालं. ही म्हणाली, बरं. मान वर केली नाही. अजून वाचतो, म्हटलं. दहाव्यावर पट्टी ठेवली, चष्मा पुसला, दोन मिनिटं डोळे मिटले.

संध्याकाळ
जाग आली. शेजारची खुर्ची रिकामी. घरात कुणी दिवा लावलेला नाही. पट्टी दहाव्या पानावर, ठेवली होती तिथेच.